अक्काची वाट इतकी का वळते

ही समोरची वाट बघा. पायरवाडीच्या मारुतीपासून निघते आणि मेटाच्या डोंगराच्या माथ्यावर जाते. नाकासमोर गेली असती तर कधीच वर पोचली असती, पण ही बया आधी जांभळीला वळसा घालते, मग हिरड्याच्या रानात शिरते, पुन्हा मागे फिरते आणि अर्धा दिवस खाते. चढ मात्र अंगाला लागत नाही. काठी टेकत म्हातारी माणसं चढतात, पोटुशी बाई चढते, मागे एका पोरीला तिच्या भावांनी चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. तरण्या पोरांनाच तेवढा वैताग येतो. "काका, शॉर्टकट नाही का?" विचारतात. आहे ना! ती उभी घळ दिसते, धोंड्यांनी भरलेली, तोच शॉर्टकट. पण तिच्यात कुणी पाय घालत नाही. का, ते सांगतो. आणि बाबांनो, खाली बसून ऐका, ही गोष्ट चालता चालता ऐकायची नाही.

फार जुना काळ. तेव्हा वाट त्या घळीतूनच होती, म्हणे. सुगी झाली की लुटारूंच्या टोळ्या या मुलखात यायच्या. धान्य न्यायच्या, घरं पेटवायच्या, आडवा येईल त्याला कापायच्या. पायरवाडीला आसरा या डोंगराचाच. घळीच्या वरच्या तोंडाशी गावानं धोंड्यांची मोठी रास रचली होती. तिच्यापुढे सागाचा ओंडका आडवा, आणि तो जाड दोरानं दोन्हीकडच्या झाडांना बांधलेला. दोर तोडला की अख्खी रास घळीत. दर वर्षी प्रत्येक घरानं एक धोंडा वर न्यायचा असा नेम होता. दोर तोडायचा मान राणू मेटकऱ्याचा, कारण घाटाची राखण त्याच्या घराकडे होती.

राणूला आईबाप आठवत नव्हते. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं. सगळं गाव तिला अक्काच म्हणायचं. तिचा एक पाय जन्मापासून वाकडा. तोंडानं फटकळ, पण भावासाठी जीव टाकणारी. स्वतःच्या घरचा धोंडा ती दर वर्षी फरफटत स्वतःच वर न्यायची. राणू म्हणायचा, "दे अक्का, मी नेतो." ती खेकसायची, "सर बाजूला! माझ्या घरचा धोंडा, तू कोण नेणारा?"

एका सुगीला भर दुपारी खालच्या वाडीतून धूर दिसला आणि नगारा वाजला. तेव्हाची रीत अशी, की तरण्यांनी पोरंबाळं उचलून पुढं पळायचं, आणि म्हातारी, आजारी, लंगडी माणसं मागून यायची. राणू निघाला तेव्हा अक्कानं त्याचा दंड धरला. "आमी म्हागं ऱ्हाऊ रं," ती म्हणाली. एरवी कशाला न भिणारी बहीण दंड सोडेना. तो म्हणाला, "अक्का, तू वर आल्याबिगर मी दोराला कुऱ्हाड लावायचा न्हाई. तुझ्या गळ्याची आण!" आणि तो धावत सुटला.

लुटारूंनी डोंगराचं वाळलेलं गवत पेटवलं. धुरानं घळ भरून गेली. वरून हातभर अंतरावरचं दिसेना, नुसतं ऐकू येत होतं. तलवारी माणसांवर पडत होत्या, बाया किंचाळत होत्या, कुणीतरी पाणी मागत होतं आणि मध्येच त्याचा आवाज तुटला. राणू कुऱ्हाड घेऊन उभा. "अक्का! अगं अक्का!" ओरडून त्याचा घसा फाटला. ओ आली नाही. मग धुरातून पहिला लुटारू वर आला आणि त्यानं राणूशेजारच्या गड्याचा हात खांद्यापासून उडवला. राणूनं त्याचं डोकं फोडलं, तर मागून दुसरे आले. मागं पोरं रडत होती. माणसं बोंबलत होती, "सोड, राणू! पोरं कापतील रं!"

राणूनं मनाशी म्हटलं, अक्का शहाणी आहे, ती रानात शिरली असेल. आणि त्यानं दोर तोडला.

म्हणे डोंगर ओरडला. रास घळीतून गेली ती चिरडतच गेली. टोळीतला एकही जण घरी परतला नाही, असं सांगतात.

धूर निवल्यावर राणू खाली उतरला. धोंड्यांखाली लुटारू होते, आणि त्यांच्यात मिसळून गावची माणसंही होती. कोंडाई नावाची म्हातारी कुंभारीण तेवढी जिवंत सापडली, हाताचा चेंदा झालेली. राणूला बघून ती थुंकली. "आमी रानात शिरत हुतो मेल्या," ती म्हणाली. "तुझ्या अक्कानं आडवलं. म्हनली, रानात गाठून कापत्याल, वाटंनंच चला. माझा राणू दोर तोडायचा न्हाई, त्यानं माझ्या गळ्याची आण घेतलीया."

अक्का घळीतल्या एका वळणाखाली सापडली. धोंड्याबाहेर तिचा वाकडा पाय तेवढा दिसत होता.

गावानं राणूला दोष दिला नाही. उलट पोरं वाचवली म्हणून लोक मानाचं पागोटं बांधायला आले. त्यानं ते चुलीत घातलं. तो घळीत गेला, उजवा पाय खडकावर ठेवला आणि दोन्ही हातांनी धोंडा उचलून त्यावर घातला. हाडं पिचलेली लोकांनी ऐकली. धरायला गेले त्यांना त्यानं गुरासारखं मारलं आणि पुन्हा घाव घातला. म्हणाला, "आता कळंल मला, अक्का कशी चढत हुती ती."

जखम भरल्यावर त्यानं पहार हातात घेतली आणि ही वाट खोदायला लागला. पायातून कळ आली की तिथं वळायचं, एवढंच त्याचं माप. म्हणून ती इतकी वळते. त्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. वाट पुरी झाली तेव्हा तो म्हातारा झाला होता, आणि मग माथ्यावर बसून दिवसभर खाली बघत राहायचा. लोक म्हणायचे, "बाबा, आता घरला चला." तो म्हणायचा, "थांबा की जरा. म्हागं मानूस हाय अजून."

आजही पायरवाडीचा माणूस माथ्यावर पोचला की आधी खाली तोंड करून हाक मारतो, "म्हागं कोन हाय का?" सोबतचा शेवटचा माणूस वर येईपर्यंत कुणी पाण्याला तोंड लावत नाही. आणि सगळी माणसं वर आलेली असली, सगळी डोळ्यांसमोर उभी असली, तरीही हाक मारायचीच, आणि थोडं थांबायचं.