काहिलीत भाजलेली माती

"माझ्या वाफ्यावर तुम्ही काय केलंत, महाराज?"

निरंजन भर दुपारी मठाच्या ओसरीसमोर उभा होता. पाय अनवाणी, डोक्यावर ऊन, हातात उपटलेलं मिरचीचं रोप. त्याची पानं चिंधीसारखी लोंबत होती.

केशरपुरी महाराज सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

"मंत्र घातलात? की माझ्या माघारी पाणी तोडलंत?"

"पाणी तूच घालतोस," महाराज म्हणाले. "दोन्ही वाफ्यांना."

ते खरं होतं, म्हणून निरंजन आणखीच चिडला.

सहा वर्षं या टेकडीवर काढल्यावर त्याला आता स्वतःचा मठ हवा होता. पलीकडच्या बोडक्या डोंगरावर, एकट्याचा. पण निघणाऱ्या शिष्याच्या हातावर गुरूने धुनीची विभूती ठेवावी लागते. ती कपाळाला लावल्याशिवाय जो मठ सोडेल तो कुठेही गेला तरी पळपुटाच ठरतो. महाराज म्हणाले होते, "मिरची लाव. अक्षय्य तृतीयेपर्यंत उभी राहिली, की विभूती घे आणि जा."

एवढंच? निरंजनला तेव्हा हसू आलं होतं.

मठाची रीत अशी, की रोप लावताना खड्ड्यात जुन्या तुरीच्या खुंटाखालची मूठभर माती टाकायची. निरंजनने ती हुंगली. बुरसट वास. "असल्या घाणीत मी रोप लावणार नाही," तो म्हणाला. त्याने आपला वेगळा वाफा खणला, माती चाळली, आणि किडीचं नावही उरू नये म्हणून चक्क भंडाऱ्याच्या काहिलीत भाजून काढली. ज्या काहिलीत उत्सवाला अख्ख्या गावाची लापशी शिजते, तिच्यात तीन दिवस माती परतली जात होती! शेजारी महाराजांनी जुन्या रीतीने आपला वाफा लावला. रोपं तीच, पाणी तेवढंच, शेणखतही एकाच उकिरड्यातलं.

फाल्गुनात निरंजनचा वाफा देखणा दिसत होता. गवताची काडी नाही. मग चैत्र तापला आणि आठ दिवसांत सगळ्या रोपांनी माना टाकल्या. महाराजांची मिरची दुपारी जराशी मलूल व्हायची, ऊन कललं की पुन्हा ताठ.

तृतीयेला अजून नऊ दिवस होते.

"चल," महाराज उठले.

आपल्या वाफ्यातलं एक रोप त्यांनी मातीच्या गोळ्यासकट अलगद उचललं. गोळा मधोमध फोडून उन्हाकडे धरला.

"बघ."

"मुळं आहेत."

"मुळांच्या पुढं बघ."

निरंजनने डोळे बारीक केले. मुळं संपत होती तिथून पांढरे तंतू निघाले होते. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, मातीच्या कणाकणांत शिरलेले.

"बुरशी!" तो ओरडला. "रोग लागलाय तुमच्या मिरचीला!"

"असेल. तिला सांगून बघ."

मिरची हिरवीगार होती. सांगणार काय?

"मूळ जाडं असतं," महाराज म्हणाले. "जिथं त्याचं डोकं शिरत नाही, तिथं हा तुरीच्या मातीतला तंतू शिरतो. तिथली ओल आणून देतो. उन्हात पान घाम गाळतं म्हणून गार राहतं. ओलच नसली तर घाम कुठला?"

"म्हणजे तुमचं झाड बुरशीकडं भीक मागतं."

"जेवू घालतं तिला. पानात केलेलं गोड खाली पाठवतं."

निरंजनने हातातल्या आपल्या रोपाची मुळं निरखली; एकही तंतू नव्हता.

आपण हरलो, हे त्याला कळत होतं. कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

"मी माती भाजत होतो तेव्हा तुम्ही समोर होतात," तो एकदम उसळला. "थांबवलं का नाही?"

"काहिलीखाली जाळ कोण घालत होतं?"

निरंजनला आठवलं. तीनही दिवस महाराजच चुलीपाशी बसले होते. धुराने डोळे चोळत, एकेक लाकूड आत सारत. म्हातारा अखेर आपलं मानायला लागला, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आता त्याचे कान तापले. लाजेने, आणि त्याहून जास्त रागाने.

"मग मीही सांगतो," तो म्हणाला. "वाफा जळाला तर जळाला. नऊ दिवस मी वाट बघत बसणार नाही. आजच निघतो, विभूतीशिवाय. खुशाल पळपुटा म्हणा!"

"जा की," महाराज म्हणाले. "हात पुढं कर."

निरंजनला खरं वाटेना. त्याने हात पुढे केला.

महाराजांनी फुटलेल्या गोळ्यातली मूठभर ओली माती त्याच्या तळहातावर ठेवली.

"महाराज, विभूती द्यायची असते."

"ती तू काहीलभर केलीस."

…

माती भिरकावून द्यावी, असं निरंजनच्या मनात आलं. हात उचलेना. मग त्याने रीतीप्रमाणे दोन बोटं मातीत बुडवली आणि कपाळाकडे नेली.

महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

"तिथं नको," ते म्हणाले. "ते अजून तापलेलं आहे."