आधी केरबा लोंबकळणार

कोणता राजा, कोणतं राज्य, ते मला विचारू नका. फार फार जुनी गोष्ट आहे. बाळांनो, ऐका, आणि आजोबा, तुम्हीही जवळ सरका, कारण ती तुमच्यासाठीच जास्त आहे.

डोंगराखालच्या एका गावात केरबा दोर वळायचा. विहिरी खणणारे त्याच्याच दोरावरून खाली उतरत. अंबाडी दहा दिवस पाण्यात भिजवायची, तिच्या सालीचा धागा, म्हणजे वाख, काढायचा, मग पीळ द्यायचा. हाताखाली माणसं पाचच. त्यात एक हौसाबाई. तिच्या हातचा पीळ म्हणजे काय विचारता!

केरबाची एक रीत होती. तयार झालेला प्रत्येक दोर विहिरीवर झुकलेल्या चिंचेच्या फांदीला बांधायचा, आणि आधी स्वतः त्याला लोंबकळायचं. बायका हसायच्या, "केरबादादा, पडलात तर आमचं पाणी गढूळ होईल!"

"मग नीट पीळ द्या की!" तो लोंबकळत ओरडायचा.

नाव झालं. पाचाची ऐंशी माणसं झाली. केरबाला बसायला गादी आली, गादीपुढे मुकादम आला. केरबादादाला यापुढे 'धनी' म्हणायचं, असा हुकूम निघाला. लोंबकळणं उरलं फक्त माल रवाना होताना, तेही ढोल लावून, मुकादमाने निवडलेल्या, झेंडू बांधलेल्या एका दोराला. मग धनी भाषण करायचे, "आपण सगळे एकाच दोराचे पदर!" लोक टाळ्या वाजवायचे आणि खाली मान घालून कामाला लागायचे.

मुकादम अंबाडी चौथ्याच दिवशी पाण्यातून काढायला लावू लागला. वाख कच्चा आहे असं जो म्हणेल, त्याला दुसऱ्या दिवशी काम नसे. चांगले हात एकेक करून निघून गेले. हौसाबाई दोनदा गादीपर्यंत गेली. दोन्ही वेळा मुकादमाने तिला दारातूनच परत पाठवलं. जीव विटला बिचारीचा.

त्यात दुष्काळ पडला. राजाने शंभर विहिरी खणायला काढल्या आणि शंभर दोर मागवले. पहिल्या विहिरीत उतरणार होता हौसाबाईचा धाकटा भाऊ, लिंबाजी.

गाड्या निघायच्या दिवशी ढोल वाजले. झेंडूचा दोर आला. तेवढ्यात हौसाबाईने गाडीतला हाताला लागेल तो दोर ओढला आणि फांदीला बांधला.

"केरबादादा, आज याला लोंबकळा."

ढोल थांबले. मुकादम खेकसला, "बाई, डोकं फिरलंय का तुझं?"

"उद्या माझा भाऊ उतरणार आहे यावरून. माझं बोचकं मी बांधून ठेवलंय. मला हाकलायची तसदी घेऊ नका."

केरबा गादीवरून उठला. त्याने दोर अंगठ्याने दाबला, पीळ उलगडून पाहिला. खाली खोल विहीर, समोर ऐंशी माणसं.

दुसरा कुणी असता तर त्याने बाईला गावाबाहेर काढलं असतं. केरबा म्हणाला, "नाही लोंबकळत. भीती वाटते मला." मग हळूच म्हणाला, "आणि यावरून मी लिंबाजीला सोडणार होतो."

काय माणूस! ऐंशी जणांसमोर भ्यालो म्हणायला छाती लागते. आणि त्याला ते म्हणायला लावणाऱ्या बाईची छाती? तिला तर माझा दंडवत!

त्या दिवशी शंभरही दोर कापले गेले. राजा रागावला, निम्मं काम त्याने दुसरीकडे दिलं. केरबाने ते मुकाट्याने सोसलं. गादी माळ्यावर गेली. रोज माणसं बोट दाखवतील तो दोर फांदीला बांधायचा. आधी केरबा लोंबकळणार, मग मुकादम. मुकादमाचा पहिल्या दिवशीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता!

"बाई, बोचकं सोडता ना?" केरबाने विचारलं.

"बघते थोडे दिवस," हौसाबाई म्हणाली. एवढ्यात कशी विश्वास ठेवेल ती?

महिन्याने लिंबाजी तिने वळलेल्या दोरावरून विहिरीत उतरला, आणि ओल्या पायांनी हसत वर आला. हौसाबाईने घरी जाऊन बोचक्याची गाठ सोडली.

जो आपल्या माणसांच्या आधी स्वतःचा जीव दोराला टांगतो, त्याच्याच शब्दावर माणसं विसंबतात.