देवराईतले पाहुणे

एका डोंगरगावात चिंधू नावाचा भोळा माणूस राहायचा. सांगाल तसं वागायचा. तेच तर वांधे होते.

गावाजवळ देवाच्या नावाने राखलेली जुनी राई होती. झाडं इतकी उंच की शेंडा बघताना टोपी पडावी. येसूभाऊ शहरच्या पाहुण्यांना ती राई फिरवून दाखवायचे. त्यांनी चिंधूला बैलगाडी हाकायला ठेवलं.

बायको सुगंधा बाळाला पाजता पाजता म्हणाली, "हेही काम गेलं ना, तर बाळाला घेऊन माहेरी जाईन. सांगून ठेवते."

येसूभाऊंनी बजावलं, "राईत पडलेलं पान, फळ, काटकी, काही म्हणजे काही उचलायचं नाही. ते देवाचं."

पहिल्याच दिवशी राईत मुळीला अडखळून एक वकीलसाहेब पडले. चिंधू आपला पुढे निघाला.

"अरे, मला उठव!"

"कसं उठवू? तुम्ही आता देवाचे झालात."

येसूभाऊ तापले. "गाढवा, माणूस आडवा दिसला की उचलायचा!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी चार बाया शेंडा बघायला म्हणून झाडाखाली उताण्या झाल्या. चिंधूने एकेकीला खांद्यावर घेतलं आणि गाडीत नेऊन टाकलं. बायांनी त्याला पिशव्यांनी बडवलं.

येसूभाऊ ओरडले, "अरे, आधी 'उचलू का?' विचारावं. नको म्हणाले तर हात लावू नये!"

"बरं."

मग एक गुरुजी झाडाला टेकून घोरत होते.

"गुरुजी, उचलू का?"

गुरुजी झोपेतच म्हणाले, "नको गं, अजून थोडं."

चिंधू गाडी घेऊन घरी आला. गुरुजी दिवेलागणीला अनवाणी, रडत गावात पोचले.

येसूभाऊंनी कपाळ बडवलं. "आता आणखी एक चूक, की काम गेलं! दिवस मावळायच्या आत राई रिकामी पाहिजे. आत कोणीही बसलेला असो. विचारू नकोस, लाजू नकोस. उचल आणि गाडीत घाल!"

"बरं."

त्या संध्याकाळी गाडी चिंधूच्या दारात थांबली. मागे अख्खा गाव बोंबलत येत होता. सुगंधा बाहेर आली. गाडीत रानदेव बसले होते. कमरेएवढा काळा दगड, गळ्यात झेंडूचा हार.

"अहो, हे काय आणलंत!"

"म्हातारबुवा उठेचनात गं. तोंडाला कसलंसं लाल लाल लागलं होतं, घासून काढलं. घर कुठं विचारलं, तर बोलेनात. म्हटलं, रात्रीपुरते आपल्याकडे राहतील."

येसूभाऊ धापा टाकत आले. "गेलं तुझं काम!"

सुगंधा आत गेली, बाळाची दुपटी गाठोड्यात बांधून बाहेर आली. "मी चालले माहेरी."

चिंधूचा चेहरा खुलला. "शहाणी गं माझी! पाहुण्यांना खाट मोकळी झाली."