रुपेरी पानाची चपराक

एका राज्यात, नाव विचारू नका, तिथली माणसं अजून माझ्यावर रागावून आहेत, विजयकेतू नावाचा राजा होता. त्याला एक लेक, मेघावती.

एके दिवशी जटाल नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याने एक श्वास आत ओढला, आणि राज्यातलं सगळं बी त्याच्या पितळी रांजणात जाऊन पडलं. कोठारातलं भात गेलं, आंब्यांतल्या कोयी गेल्या. राजाच्या ताटातल्या भरल्या वांग्यातलं बीसुद्धा गेलं.

"मेघावती द्या, रांजण घ्या," जटाल म्हणाला.

राजा गळाठला. "लेकी, प्रजा उपाशी मरेल गं."

"आबासाहेब, मी काय दक्षिणा आहे?" मेघावती उठली. "जटाला, तोड बोल."

तोड विचारली की सांगावीच लागते, हा मंत्रविद्येचा नेम. जटाल हसला. "बी न पेरता हा दगडी सभामंडप हिरवा कर. मेलेलं झाड जिवंत कर. आणि माझ्या या काजळ फासलेल्या गालावर, रंग न कालवता, रुपेरी पान उमटव. महिनाभरात! नाहीतर मुंडावळ्या बांध."

मेघावती रानात गेली. धबधब्याकाठी एक कस्तुर पक्षी शीळ घालत होता. शीळ थांबवून तो म्हणाला, "राजकन्ये, धबधब्यामागे बघ. तिथली मंडळी फुलत नाहीत, बी धरत नाहीत. जटालाने ओढायचं काय, कपाळ?"

मेघावतीने कपारीतलं शेवाळ खरवडलं, ताकात घोटलं आणि सभामंडपाला फासलं. आता त्या राजवाड्याची रीत अशी, की भिंत हिरवट दिसली रे दिसली की चाकर खरवडण्या घेऊन धावायचे. तसे ते धावले.

मेघावती तलवार उपसून आडवी उभी राहिली. "या पुढे! भिंतीआधी तुमच्या मिशा खरवडते."

चाकरांना मिशा प्रिय होत्या. महिना भरता भरता मंडप हिरवागार झाला.

मग तिने त्याच कपारीतून आणलेली, सुकून मुठीसारखी आवळलेली एक काडी जटालापुढे टाकली. "हे काय?"

"मढं," जटाल म्हणाला. "सरपणालाही नालायक."

तिने वर तांब्याभर पाणी ओतलं. मूठ सुटली, बोटं हिरवी झाली. ती संजीवनी होती.

जटाल उसळला. "तिसरं जमायचं नाही! रंग कुठाय?"

"गाल पुढे कर."

मेघावतीने कपारीतल्याच नेच्याचं एक पान तळहातावर पालथं धरलं. त्याच्या पाठीवर चांदीसारखी भुकटी होती. आणि तिने अशी सणसणीत ठेवून दिली, की मंडपावरची कबुतरं उडाली. काजळावर रुपेरी पान उमटलं, देठाशिरांसकट.

रांजण फुटला. बी आपापल्या घरी परतलं. ज्यांनी वांगी खाल्ली होती, त्यांच्या पोटात जरा गुडगुडलं, इतकंच. जटाल गाल घाशीत पळाला. पान काही निघालं नाही.

राजा गहिवरला. "लेकी, आता तुला चांगल्या घरी देतो."

"आबासाहेब, हात अजून गरम आहे."

राजाने मुकाट्याने बाजूला सरकून तिला सिंहासनावर जागा दिली. तेव्हापासून त्या राज्यात लेकीला कुणी देत नाही, तिला विचारतात.

ज्याला खोटं वाटेल, त्याने ओल्या कातळावर घटकाभर बसावं. उठताना पुरावा मागे चिकटलेला असेल.