डावीकडचा दगड

"शेवटची ओळ वाचली, उस्ताद. मुंगीएवढी अक्षरं, घडाघडा वाचली. मग मी नापास कसा?"

सर्जेराव खिलारेनं मोटारसायकल लावता लावताच विचारलं. राम राम नाही, सलाम नाही.

दस्तगीर उस्ताद घाटमाथ्यावर, पिराच्या चौथऱ्याजवळ, रांजणात पाणी ओतत होते. उभी हयात त्यांनी ट्रक चालवला, कितीतरी पोरांच्या हातात स्टिअरिंग दिलं. आता येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना पाणी पाजत बसले होते. सर्जेराव त्यांचाच चेला. क्लीनर म्हणून आला, ड्रायव्हर होऊन गेला, आणि या घाटात आपल्यासारखा गडी नाही असं स्वतःच सांगत फिरायला लागला. खोटंही नव्हतं म्हणा.

"कोण म्हणतं नापास?"

"डॉक्टर! लायसन नवं करायचं म्हणून तपासणीला गेलो, तर म्हणतो काचबिंदू हाय. समोरचं दिसतंय, कडेचं गेलंय. डाव्या अंगाचं तर पार गेलंय. ट्रकला हात लावायचा न्हाई म्हणं."

"कशावरनं म्हणतो?"

"एका डब्यात तोंड घालायला लावलं. आत ठिपके चमकतात. ठिपका दिसला की बटण दाबायचं. हा काय पोरखेळ हाय? घाटात समोरनं ठिपके येत्यात व्हय?"

उस्तादांनी कळशी खाली ठेवली. चौथऱ्यावर टेकले.

"शेठ म्हणतात, उस्तादांनी चालवू दे म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरकडनं पास करून आणतो. न्हाईतर चावी ठेव आणि घरी जा. तुमच्या एका शब्दाचं काम हाय, उस्ताद."

उस्तादांनी गमछ्यानं हात पुसले.

"बायको म्हणते, शेळ्या पाळू." सर्जेराव हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "मी शेळ्यांमागं फिरू? लोक मला गाडीवरनं ओळखतात. गाडी काढून घेतली तर मी उरलो कोण?"

तेवढ्यात समोर घरघर झाली. सकाळपासून रस्त्यात बंद पडलेला एक ट्रक चालू झाला होता. ड्रायव्हरनं खिडकीतून हात हलवला आणि घाट उतरून निघूनही गेला.

ट्रकभोवती मांडलेले दगड मात्र रस्त्यातच राहिले.

दगड उस्तादांचेच. बंद पडलेल्या गाडीभोवती मांडायला लागतात म्हणून ते चुना फासून चौथऱ्याशी रचून ठेवत. मागून येणाऱ्याला लांबून दिसावेत एवढ्याचसाठी. मांडताना सगळे हजर असतात हो, उचलताना एक माणूस सापडेल तर शपथ! आणि मग अंधारात कुणीतरी मोटारसायकलवाला त्यावर आपटून हातपाय मोडून घेतो.

सर्जेराव क्लीनर असताना त्यानंही एकदा असेच दगड सोडले होते. घाट उतरल्यावर उस्तादांच्या ते लक्षात आलं. त्यांनी भरलेली गाडी वळवली, सगळा घाट परत चढवला, त्याच्याकडून दगड उचलून घेतले. शिवी दिली नाही, हातही उगारला नाही. सर्जेराव तेव्हा लाजेनं अर्धा झाला होता.

"दगड घेऊन ये, सर्जा. मग बोलू."

सर्जेराव रस्त्यावर गेला. भराभरा दगड उचलून त्यानं चौथऱ्याशी आणून रचले. हात झटकत समोर येऊन बसला.

"झालं."

"सगळे?"

"सगळे. एक ठेवला न्हाई."

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकत टेकत रस्त्यावर गेले. उताराच्या डाव्या कडेला, डांबरावर, एक पांढराफेक दगड तसाच बसला होता. नारळाएवढा. ऊन पडून नुसता चमकत होता.

तो उचलून त्यांनी आणला आणि सर्जेरावच्या समोर ठेवला.

सर्जेराव दगडाकडे बघत राहिला. मग रस्त्याकडे. मग परत दगडाकडे.

"ध्यान नव्हतं माझं," तो म्हणाला. "डोस्क्यात त्या डॉक्टरचं चाललंय... पायी चालताना होतं असं. गाडीत बसलो की न्हाई होत. गाडीत मला डोळ्यांची गरजच न्हाई, उस्ताद. कुठलं चाक कशावरनं गेलं, ते मला बुडाखाली कळतं."

"कळतं?"

"खडा आला तरी कळतं! गेल्या महिन्यात कुंभारटेक गावच्या वळणावर डाव्या चाकाखाली काहीतरी आलं. पुढचं गेलं, मग मागचं गेलं. बरोबर कळलं मला."

"काय आलं?"

"कुत्रं."

"बघितलंस?"

सर्जेराव समोरचा दगड उगाच फिरवायला लागला.

"सर्जा, बघितलंस?"

"कुत्रंच असणार. एवढ्या पहाटेचं दुसरं कोण येतंय रस्त्यावर?"

"उतरलास?"

"मागं गाड्यांची लाइन होती. वळणावर थांबवायची कुठं? तुम्हीच शिकवलंय, वळणावर थांबायचं न्हाई म्हणून."

उस्ताद त्याच्याकडे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसते बघत होते, आणि सर्जेरावला कुठं बघावं ते कळेना.

"पुढं जाऊन थांबलास?"

सर्जेरावनं मान हलवली. नाही.

रांजणाच्या तोटीतून पाणी ठिपकत होतं. उस्तादांनी हात लांब करून ती आवळली.

"पेपरात काही आलं न्हाई, उस्ताद," सर्जेराव एकदम म्हणाला. आवाज फाटला होता. "रोज बघतो मी. त्या दिवसापासनं रोज पेपर घेतो. आतल्या पानांवरचं बारीकसारीक सगळं वाचतो. कुंभारटेकचं काही न्हाई त्यात. म्हणजे कुत्रंच असणार की. हाय का न्हाई?... उस्ताद?"

उस्तादांनी रांजणावर झाकण ठेवलं. डोक्याला गमछा गुंडाळला, पायात चपला सरकवल्या आणि सर्जेरावसमोर हात पसरला.

"चावी दे."

"कसली?"

"मोटारसायकलची. मी चालवतो. तू मागं बस."

सर्जेरावचा आधी विश्वासच बसेना. "म्हंजे... येताय तुम्ही? शेठकडं?"

"येतो."

"शब्द टाकणार माझ्यासाठी?"

"टाकतो की. माझा चेला हायस तू."

सर्जेरावच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढा आडदांड गडी, पण वाकून त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. त्या पायांवर अजून रस्त्यावरची धूळ होती. मग त्यानं खिशातून चावी काढली आणि उस्तादांच्या हातावर ठेवली. कितीतरी वर्षांनी तो कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसला. हात कुठं ठेवावेत ते समजेना, म्हणून मांडीवरच घेऊन बसला.

गाडी सुरू झाली. फाट्यापाशी आली. शेठचं ऑफिस उजव्या हाताला, शहराच्या रस्त्याला. उस्तादांनी गाडी डावीकडे वळवली.

"उस्ताद, चुकलात. शेठ तिकडं."

"शेठकडं जायचंच हाय," उस्ताद म्हणाले. "आधी कुंभारटेकला जाऊ. कुत्रं कुणाचं होतं, तेवढं विचारून घेऊ."