आजोबांकडची माफी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून घरातली तिघं पोरं मागे लागली आणि माझा दुपारचा डुलका गेला, म्हणून लिहितो. मधे शंका काढायच्या नाहीत.

तर शेवरबंदरच्या मकाजीराजानं भर दरबारात फर्मावलं, "माफी हवीय ना? मग ज्यानं केलं त्याच्याकडून आणा! आठ दिवसांत माझ्या आजोबांकडून माफी घेऊन या. नाही आणलीत, तर नवव्या दिवशी वस्ती खाली!"

आणि आजोबा तर चाळीस वर्षांपूर्वीच वारलेले!

भानगड अशी. बंदराचा दगडी धक्का आजोबांनी बांधला असं सगळे म्हणत. म्हणायला काय जातं! दगड उचलले गुलामांनी. कुणी समुद्रापलीकडून जहाजात कोंबून आणलेले, कुणी दुष्काळात पायलीभर दाण्यांवर विकत घेतलेले. पळून जाऊ नयेत म्हणून हुकूम होता, यांनी होडी बाळगायची नाही. पुढे राजाच्या बापानं दवंडी पिटून त्यांना मोकळं केलं. पण होडीचा हुकूम तसाच, आणि पायाखालची जमीनही राजाचीच. नातवंडं म्हातारी व्हायला आली, तरी समुद्राच्या काठावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवतायत. मोकळे म्हणे!

त्या वस्तीतली जैतून जाळी शिवण्यात पटाईत आणि बोलण्यात त्याहून. तिनं अर्ज केला. झालं ते वाईट झालं असं राजानं सगळ्यांदेखत म्हणावं, होडीचा हुकूम फाडावा, वस्तीची जमीन वस्तीच्या नावे करावी. कोळी, कुंभार, तेली, कासार, सगळ्या बंदरानं अर्जावर अंगठे उठवले. शेजारच्या पाच राज्यांचे वकील दरबारात बसत, त्यांनीही अर्ज वाचून माना डोलावल्या. राजाला झोंबलं ते हेच. परक्यांसमोर शोभा! म्हणून हा हुकूम.

जैतून जागची हलली नाही. "आणते, सरकार. पण एवढ्या मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यांचं जे असेल ते त्यांना पोचवलं तर चालेल ना?"

"पोचव की! जे जे त्यांचं, ते सगळं पोचव!" राजा पोट धरून हसला.

"वकीलसाहेब, ऐकलंत ना?" असं म्हणून जैतून गेली ती थेट कोळ्यांच्या म्होरक्याकडे, पोशा नाखव्याकडे.

शेवरबंदरात एक रीत होती. धक्क्याला होडी लागली की पहिला मोठा मासा राजवाड्यावर जायचा. त्याला धक्क्याचा मान म्हणत. राजाचं ताट पापलेटाशिवाय हलत नसे.

"पोशादादा, हा मान का देता?"

"राजाच्या आज्यानं धक्का बांधला म्हणून."

"मग मासा आज्याला द्या!"

पोशानं डोळे बारीक केले. "बाय गो, राजा मला उलटा टांगेल!"

"त्यानंच पोचव म्हटलंय, पाच वकिलांदेखत."

पोशानं जरा दाढी खाजवली. "अंगठा तर उठवून बसलोय. आता माघार कसली!"

दुसऱ्या दिवसापासून मानाचे सगळे मासे टेकडीवर, आजोबांच्या समाधीपुढे! राजवाड्यात राजा जेवायला बसला आणि ताटाकडे बघतच राहिला.

"हे काय?"

"दुधी, महाराज," आचारी पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी पडवळ. तिसऱ्या दिवशी परत दुधी. बंदराच्या देवीची पूजा झाली, तर मानाचा नारळसुद्धा गुरवानं राजासमोरून नेला आणि समाधीवर ठेवला! तिकडे टेकडीवरची मांजरं अशी सुजली की चार पावलं चालून धापा टाकायची.

आठव्या दिवशी राजाचा तोल सुटला. "बोलवा त्या बाईला!"

जैतून आली. मागोमाग अख्खं बंदर आलं.

"माझं पापलेट मेलेल्या माणसाला?" राजा गरजला.

"मान त्यांचा, म्हणून त्यांना पोचवला, सरकार. रोज मासा ठेवते, आमची राहिलेली माफी द्या म्हणते. मासा संपतो, पण आजोबा काही बोलत नाहीत."

"अगं, मासा मांजरं खातात! आजोबा गेले! गेलेल्याचं सगळं नातवाकडे येतं, एवढंही कळत नाही?"

"म्हणजे त्यांची गादी?"

"माझी!"

"त्यांचा धक्का?"

"माझा!"

"धक्क्यावरचा मासा?"

"माझा! माझा! आजोबांचं जे जे मागं राहिलं ते सगळं माझ्याकडे आलं!"

जैतून वकिलांकडे वळली. "लिहून घ्या, साहेब. आठ दिवस आम्ही चुकीच्या दारात उभे होतो." मग तिनं राजापुढे हात केला. "आजोबांकडे राहिलेली माफीही मग इथंच आली असणार. द्या सरकार, न्यायला आलेय!"

दिवाणाला उगाच खोकला आला. राजाचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल झालं. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो असा खदखदून हसला की पगडी कानावर आली!

"आठ दिवस दुधी चारलास, आणि वर माझ्याच तोंडानं मला अडकवलंस!"

हसू आवरलं तसा तो गादीवरून खाली उतरला. पगडी काढून हातात घेतली. "माझ्या आजोबांनी माणसं विकत घेतली, गुरासारखी राबवली. वाईट केलं. वडिलांनी सोडलं, पण हातात काही दिलं नाही. मी तेच पुढे चालवलं. आम्हाला माफ करा."

पाचही वकिलांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतले आणि आपापल्या राज्यांत धाडले. होडीचा हुकूम तिथल्या तिथे फाडला गेला. वस्तीची जमीन वस्तीच्या नावे झाली, आणि बारा होड्यांना पुरेल एवढा साग राजाच्या रानातून मिळाला.

"आणि धक्क्याचा मान?" राजानं जरा भीतभीतच विचारलं.

"दगड उचलले त्यांच्या घरी जाईल."

"मग मी काय दुधीच खाऊ?"

"या की वस्तीवर जेवायला! पंगतीत मांडी घालून बसावं लागेल, बघा!"

राजा पुन्हा हसला. नवव्या दिवशी खरंच आला, मांडी घालून बसला आणि तीन पापलेटं हाणून गेला.

माफी मागणं राजाला जमलं. पण माझा फणस तोडून वर मलाच दम देणाऱ्या शेजाऱ्याला अजून जमलेलं नाही. नाव लिहूनच ठेवतो: दिगू परुळेकर.