पागोट्यासकट माप

फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथे राजाचं टपाल सायकलवरून गावोगाव जायचं.

प्रत्येक टपालवाल्याला त्याच्या मापाची सायकल मिळे. पण माप घ्यायची रीत अजब होती. टपालवाला पागोटं बांधून उभा राही आणि कारभारी टाचेपासून पागोट्याच्या शेंड्यापर्यंत काठी लावी. चारचौघांत पागोटं उतरवणं म्हणजे अब्रू जाणं. ही रीत घालणाऱ्यांनी उभ्या जन्मात सायकलवरून घाट चढला नव्हता. नियम करणारे सहसा चढत नाहीतच.

सटवाजी बुटका, पण काटक. घाटापलीकडच्या वाड्यांचं टपाल आपण न्यावं, एवढीच त्याची लहानपणापासूनची इच्छा. ते काम त्याला मिळालं. मापाच्या दिवशी गड्याने मुद्दाम हातभर उंच पागोटं बांधलं. सायकलही तशीच उंच आली. सारं गाव बघत राहिलं.

पण पायडल खाली गेलं की त्याचे पाय जेमतेम चवड्यावर टेकत. हँडल धरायला पुढे ओणवं व्हावं लागे. चार दिवसांत कंबर धरली, आठव्या दिवशी गुडघे सुजले. दोनदा टपाल उशिरा पोचलं. तिसऱ्यांदा उशीर म्हणजे नोकरी गेली.

तो कारभाऱ्याकडे गेला. कारभारी म्हणाला, “सायकल काठीबरहुकूम आहे. चूक असलीच तर तुझ्या पायांची.”

लंगडत परतताना घाटाच्या पायथ्याशी चिमाआक्का लोहारणीने त्याला हाक मारली. “काय रे, सायकलवर बसतोस की झाडावर चढतोस?”

“सवय होईल म्हणतात, आक्का.”

“काट्याची सवय होते का? काटा काढायचा असतो. ये, पागोटं उतरव.”

“रस्त्यावर? लोक काय म्हणतील?”

“पायडल पागोटं मारतं का?”

सटवाजीने पागोटं उतरवून शेजारच्या दगडावर ठेवलं.

आक्काने त्याला भिंतीशी उभं केलं. दोरीने जांघेपासून टाचेपर्यंत माप घेतलं, मग धडाचं, मग हाताचं. दोन दिवस खपून तिने सांगाडा कापून लहान केला. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच सीट उंच ठेवली. कोपरं ताठ होणार नाहीत इतकं हँडल जवळ आणलं.

“लहान दिसते,” सटवाजी कुरकुरला.

“दिसू दे. चढून बघ.”

तिसऱ्या दिवशी तो टपाल घेऊन निघाला. चावडीवरून कारभारी ओरडला, “पाळण्यातली सायकल आणलीस की काय?” सटवाजीने मागे पाहिलं नाही. पहिल्या वळणावर गुडघे दुखायची वाट पाहिली, दुसऱ्यावरही पाहिली. मग तो विसरूनच गेला आणि गुणगुणत घाटमाथ्यावर पोचला. पलीकडच्या वाडीत म्हाताऱ्या बायका अजून न्याहारी करत होत्या. त्यांनी त्याला बसवून भाकरी वाढली.

महिन्याभरात आक्काच्या दारात टपालवाल्यांची रांग लागली, सगळे बोडक्या डोक्याने. राज्यातलं टपाल वेळेवर पोचू लागलं. कारभाऱ्याला मात्र ते का, हे शेवटपर्यंत समजलं नाही.

तात्पर्य: लोकांना दाखवायला घेतलेलं मोठं माप आपल्यालाच खोळंबवतं, अंगाला बसेल तेच दूरवर नेतं.